साक्यावरचं आधीचं संशोधन वाचायचं कसं?

हा हापूस बघा, बाहेरून एकदम झक्कास, वासही मस्त, आणि कापला की आत बाठ्याजवळ पांढरट, फोफसा, आंबट गर. कोकणात याला साका म्हणतात. कापेपर्यंत काही कळतच नाही, हा खरा त्रास.

आता समजा दापोलीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्या कुणाला साक्यावर थिसिस करायचाय. गाईड सांगणार, आधी रिव्ह्यू ऑफ लिटरेचर, म्हणजे झालेल्या संशोधनाचा आढावा, लिही. मग होतं काय, तर ह्याने ह्या साली असं म्हटलं, त्याने त्या साली तसं म्हटलं, एकाखाली एक पानंच्या पानं. ती यादी झाली, रिव्ह्यू नाही झाला! साक्याचंच घ्या ना, कुणी म्हणतं तापलेल्या जमिनीची झळ लागते म्हणून होतो, कुणी म्हणतं फळ झाडावर असतानाच बाठा आतून उगवायला बघतो म्हणून, कुणी म्हणतं कॅल्शियम कमी पडतं, आणि वेंगुर्ल्याला नीलम नि हापूसच्या संकरातून काढलेल्या रत्ना आंब्यात, जो १९८१ ला आला, त्यात साका होत नाही, तर हे पण कुठेतरी बसवायला लागणार. हे सगळं समोरासमोर ठेवून कोण कुठे जुळतं, कोण कुठे अडतं ते सांगायचं, तो नॅरेटिव्ह रिव्ह्यू. त्यात कुठले पेपर घ्यायचे ते रिव्ह्यू लिहिणाराच ठरवतो, म्हणजे आपल्याला पटणारेच उचलले जायची भीती असते.

प्रश्न नेमका असेल, म्हणजे झाडाखाली गवताचं आच्छादन केलं तर साका कमी होतो का, तर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. शोधायच्या आधीच नियम लिहून ठेवायचे, कुठे शोधणार, कुठले शब्द टाकणार, कुठला प्रयोग घेणार, कुठला का गाळणार. किती सापडले नि किती गाळले याचा हिशोब आकृतीत दाखवायचा, त्यासाठी २००९ पासून प्रिझ्माचे नियम आहेत, २०२० ला सुधारलेले.

त्यातल्या प्रयोगांचे आकडे एकत्र करता आले की मेटा-ॲनालिसिस. हा शब्द १९७६ ला जीन ग्लास या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने दिला. याची ताकद बघायची तर औषधोपचारांवर असे रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा लोगो बघा. दिवस भरायच्या आधी बाळंत होऊ शकणाऱ्या बाईला स्टिरॉइड दिलं तर बाळ वाचतं का, यावरचे सात प्रयोग त्यात आडव्या रेघांनी दाखवलेत. पहिला १९७२ चा. बहुतेकांचा निकाल एकेकटा ठाम नव्हता, एकत्र केल्यावर स्पष्ट झालं की बाळं वाचतात. ते एकत्र करायला उशीर झाला, तेवढ्यात कितीतरी बाळं हकनाक गेली असणार.

आणि विषयात कुणी काय काय केलंय हेच माहीत नसेल, समजा कोकणातली कांदळवनं, तर आधी स्कोपिंग रिव्ह्यू, नुसता आवाका बघायचा. रिव्ह्यूंचाच रिव्ह्यू केला तर अंब्रेला.

यातलं काहीही करा, शोधगंगा ही वेबसाइट सोडू नका. देशभरातले पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात, त्यात जर्नलमध्ये कधी न छापलेले प्रयोगही असतात, आणि फसलेला प्रयोग छापून यायची शक्यता तशी कमीच, त्यामुळे फक्त छापलेलंच मोजलं तर आच्छादनाचा फायदा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो.