शेवाळाच्या पेशी फुटू देऊ नका

मंडळी, जलशुद्धीकरण केंद्रावर उन्हाळ्यात एक तक्रार हमखास कानावर येते: "सकाळी तुरटीचा डोस बरोबर बसला होता, दुपारी पुंजकेच धरेनात." पुंजके म्हणजे तुरटीमुळे गढूळ कण एकत्र येऊन बनणारे गोळे. तुरटी तीच, पंप तेच. बदललेला असतो पाण्याचा सामू, म्हणजे पीएच. तलावात माजलेलं शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे सामू कधीकधी ९ च्याही वर चढतो. रात्री तो पुन्हा उतरतो. तुरटीला साधारण ६ ते ७.५ मानवतो. क्लोरीनचे हाल तर विचारू नका! ७.५ ला त्यातला जंतुनाशक जोर निम्म्यावर येतो, ९ ला पाच टक्केही उरत नाही. तेव्हा सकाळच्या एका जार टेस्टवर (भांड्यांत वेगवेगळे डोस टाकून योग्य तो ठरवायची चाचणी) दिवस काढू नका.

शेवाळ माजतं कशानं? ऊन, उबदार संथ पाणी आणि स्फुरद (फॉस्फरस). १९७३ मध्ये कॅनडात सरोवरांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांनी एक तलाव पडदा लावून दुभागला. कार्बन आणि नत्र दोन्हीकडे घातलं, स्फुरद एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. आता यातली मेख ऐका. उन्हाळ्यात तापलेलं हलकं पाणी वर राहतं, थंड पाणी खाली, दोन्ही मिसळत नाहीत. तळाचा प्राणवायू संपतो आणि गाळात लोहाला धरून बसलेला स्फुरद मोकळा होतो. म्हणजे स्फुरद आणणारं सांडपाणी आज अडवलं, तरी तलाव जुन्या साठ्यावर वर्षानुवर्षं शेवाळ पोसू शकतो.

आपण नील-हरित शेवाळ म्हणतो ते खरं तर जिवाणू. त्यांच्या पेशीत वायूच्या बारीक पोकळ्या असतात. वारा पडला की ते वर येऊन साय धरतात. अशा वेळी पाणी खालच्या दारातून घ्यावं. मात्र फार खाली गेलात तर मँगनीज येतं.

हिरवं पाणी दिसलं की मोरचूद टाकायची किंवा आधीच क्लोरीन ओतायचा मोह होतो. माझ्या मते हीच सर्वांत महागडी घाई. पेशी फुटते आणि आतलं विष, मायक्रोसिस्टिन, पाण्यात विरघळतं. अखंड पेशी पुंजक्यात अडकून खाली बसते, नाहीतर वाळूवर अडते. विरघळलेलं विष सरळ पुढे जातं. मग सक्रिय कोळशाची भुकटी आणा, ओझोन आणा. मायक्रोसिस्टिन-एलआरची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला १ मायक्रोग्रॅम, तीही तात्पुरती. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत टोलेडो इथे, ईरी सरोवराच्या काठी, चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळूनही नाही, कारण हे विष उकळून मोडत नाही. पाणी आटतं तसं उलट दाट होतं.

आणि निवळण टाकीच्या तळाचा गाळ वेळेवर काढा. त्यात अडकलेल्या पेशी काही दिवसांत मरून फुटतात. बॅकवॉशचं, म्हणजे वाळूची गाळणी उलट्या प्रवाहानं धुतलेलं, पाणी पुन्हा सुरुवातीला सोडायची पद्धत असेल, तर शेवाळाच्या दिवसांत ती बंद ठेवा.