हिमनदी आणि आउटर सिग्नल

(जळगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक कबुली देऊन टाकतो. आज ज्या अल्बमवर बोलायचं आहे, त्याची समीक्षा मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या मासिकात लिहिली होती. ‘हे हिमनद्यांचं संगीत आहे’ असं त्यातलं पहिलंच वाक्य. मी भुसावळचा. तोवर मी पाहिलेला सगळ्यात मोठा बर्फ म्हणजे रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी.

मग ही हिमनदी आली कुठून? बँड आइसलँडचा, नाव सिगुर रोस. इंग्रजी मासिकांत जो तो बर्फ, ज्वालामुखी, उत्तरेचा उजेड असंच लिहीत होता. मीही लिहिलं. परीक्षेत पुढच्याचं बघून लिहितात ना, तसं.

अल्बम २००२ सालचा. त्याला नाव नाही, कव्हरवर फक्त दोन कंस. आत आठ ट्रॅक, एकालाही शीर्षक नाही. योन्सी हा गायक जे गातो ती जगातली कुठलीच भाषा नाही, ठरावीक अक्षरं तो पुन्हा पुन्हा घोळवतो. गिटार तो चेलोच्या, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावंडाच्या गजाने वाजवतो. नखीने छेडली की तार टणकन वाजते आणि आवाज विरायला लागतो. गजाने तसं होत नाही, सूर लांबत लांबत जातो. आणि गंमत म्हणजे सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी. शब्द ऐकणाऱ्याने आपले आपण लिहावेत, अशी त्यामागची कल्पना. आता कोणी एवढ्या विश्वासाने कोरी पानं हातात दिली, तर आम्ही समीक्षकांनी काय करावं? त्यावर बर्फ सांडून ठेवला. बँडने आपला स्टुडिओ थाटला होता तोही हिमनदीवर नव्हे, तर पोहण्याच्या एका जुन्या तलावाच्या इमारतीत.

या प्रकाराला पोस्ट-रॉक म्हणतात. वाद्यं रॉकचीच, गिटार, बास, ड्रम. पण नाचायला लावणारा ठेका नाही, धृपद नाही, पुष्कळदा गाणारा माणूसच नाही. सगळा भर आवाजाच्या पोतावर. हा शब्दही एका समीक्षेमुळेच रुळला. १९९४ साली सायमन रेनल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने बार्क सायकोसिस नावाच्या बँडच्या अल्बमवर लिहिताना तो वापरला आणि तो चिकटला. यात मोडणाऱ्या कितीतरी वादकांना तो आवडत नाही. पण बारशाला बाळाला कोण विचारतं?

तर माझी समीक्षा छापून आली आणि चोपड्याहून एक पोस्टकार्ड आलं. लिहिणाऱ्याने मुलाकडून सीडी मिळवून अल्बम पूर्ण ऐकला होता. ‘आपण म्हणता ती हिमनदी दोनदा ऐकूनही सापडली नाही. मला आमच्या जिनचा हंगाम आठवला. मशीनं सुरू झाली की आधी कानाला त्रास होतो, मग आवाज ऐकू येईनासा होतो, आणि बंद झाल्यावर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.’ जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. हा मजकूर मी तेव्हा चारचौघांत वाचून दाखवला आणि हसलो. आज वाटतं, त्या अल्बमवर आपल्याकडे लिहिलं गेलेलं सगळ्यात अचूक वाक्य त्या कार्डावर होतं.

गेल्या मे महिन्यात मी तो अल्बम आमच्या गच्चीवर लावला. रात्रीचे दहा वाजून गेलेले, तरी फरशी तापलेली, पाणी मारलं की वाफ. कोण, कुठला बँड, काही सांगितलं नाही. प्रत्येकाच्या हातात फक्त एक कोरा कागद. माझ्या पुतण्याने मात्र मोबाइलवर शोधून समीक्षा आधीच वाचली होती. त्याने लिहिलं : बर्फ, एकांत, अनंत. सगळं शुद्धलेखनासकट बरोबर. त्या कागदावर तो स्वतः मात्र कुठेच नव्हता.

गच्चीवर बसलेले आप्पा रेल्वेत गार्ड होते. शेवटचा ट्रॅक जवळजवळ बारा मिनिटांचा आहे. बराच वेळ तो नुसता ताणत राहतो, ड्रम मागे धुमसत असतात, आणि मग एकदम सगळं फुटतं. आप्पांनी लिहिलं : ‘मालगाडी आउटरला उभी. सिग्नल नाही. पुढे काय झालंय कोणी सांगत नाही. मग सिग्नल मिळतो आणि पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत झटका येतो.’ आउटर म्हणजे स्टेशनाबाहेरचा सिग्नल. त्या गाडीचा शेवटचा डबा म्हणजे गार्डाचा. झटका त्याच्यापर्यंत सगळ्यात उशिरा पोचतो. पोस्ट-रॉकमध्ये वाट बघायला का लावतात हे मला तीन पानांत सांगता आलं नव्हतं.

मोठ्या मायने कागद परत दिला. म्हणाली, ‘कोन मरनं ते सांगस नही, नुसता रडस.’ मग थोडं थांबून, ‘पन खरं रडस.’

आता तुम्ही म्हणाल, मग समीक्षा हवीच कशाला? हवी. इथून हाकेच्या अंतरावर असोदा आहे, कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ साली, त्याही आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. ती नसती तर पुण्या-मुंबईचा कान इतक्या लवकर इकडे वळला असता का, शंकाच आहे. पण ज्या बायाबापड्यांनी त्या ओळी दळताना, शेतात काम करताना ऐकल्या, त्यांना प्रस्तावना लागली नाही. दूरच्या माणसाला दारापर्यंत आणून सोडणं एवढं काम समीक्षेने जरूर करावं. गजाने वाजवलेली गिटार म्हणजे काय, तलावाच्या इमारतीतला स्टुडिओ कसा, हे सांगावं. आत गेल्यावर त्याला काय दिसलं पाहिजे हे मात्र सांगू नये. हिमनदी लिहिताना मी नेमकं तेच केलं होतं.

बोलणं पुरे, आता अल्बम लावतो. सव्वा तास मोकळा नसेल त्यांनी आत्ताच उठावं, मला राग नाही. कागद दारापाशी ठेवलेत. एकच सूचना : चौथ्या ट्रॅकनंतर छत्तीस सेकंद काहीही वाजत नाही. गच्चीवर मोठी माय तेव्हा ‘लाइट गई’ म्हणत उठली होती. लाइट गेलेली नसेल. वर पंख्याकडे बघा, फिरत असेल, आणि बसून राहा.