मागच्या पावसाचे आजचे दुखणे: लहरी हवामान, झाडे आणि हिरवळ

श्रोतेहो,

बेळगावात एखाद्या बंगल्याच्या आवारातील आंबा शेंड्याकडून वाळू लागला, किंवा हिरवळीवर तपकिरी ठिगळे दिसू लागली, की आपण पहिल्यांदा औषधाच्या दुकानात जातो. माझे आजचे म्हणणे असे आहे की, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मागच्या वर्ष-दोन वर्षांत पाऊस कसा पडला हे आधी आठवावे. अवेळी पाऊस, अतिवृष्टी किंवा पावसाची ओढ यांनी झाडाला झालेली इजा पुष्कळदा त्या हंगामात दिसतच नाही. ती दिसते पुढे, आणि तोपर्यंत कीड किंवा बुरशी तिचा फायदा घेऊन बसलेली असते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कोणीच विसरलेलो नाही. मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णा यांच्या काठची जमीन तेव्हा पाण्याखाली गेली होती. मुळांनाही हवा लागते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू संपतो आणि सर्वांत आधी मरतात ती बारीक, पाणी शोषणारी मुळे. त्यातच फायटॉफ्थोरासारख्या बुरशीसदृश जिवांचे बीजाणू साचलेल्या पाण्यात चक्क पोहत मुळांपर्यंत जातात. वरून झाड हिरवेच दिसते, कारण खोडात साठवलेल्या अन्नावर ते काही महिने तग धरते. पुढच्या उन्हाळ्यात पानांची मागणी वाढली की मुळे पुरी पडत नाहीत आणि फांद्या वाळू लागतात. चिकोडी-निपाणीकडच्या काळ्या जमिनीत पाणी जास्त दिवस थांबते, म्हणून तिथे हा धोका अधिक आहे. खानापूरच्या जांभ्या जमिनीतून पाणी लवकर निचरते, परंतु पावसाने ओढ दिली की तीच जमीन सर्वांत आधी कोरडी पडते.

आणि ओढ कशी असते तेही आपण पाहिले. ऑगस्ट २०२३ हा देशातील १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके त्या वर्षी दुष्काळग्रस्त जाहीर झाले. पाण्याने भरलेले सशक्त झाड साल पोखरणाऱ्या अळीला डिंकाने आणि रसाने अडवते. तहानलेल्या झाडाची ही शक्ती कमी होते. म्हणून कोरड्या वर्षानंतर आंब्याच्या बुंध्याशी बारकाईने पाहावे. सालीच्या भेगेतून भुसा बाहेर पडलेला असेल, शेजारी डिंकाचा ओघळ असेल, तर आत भिरूड आहे असे समजावे. ही अळी महिनोन्महिने खोडात राहते, त्यामुळे पानांवर कितीही फवारले तरी ती मरत नाही. तारेने छिद्र साफ करून तिला तिथेच गाठावे लागते. कोरड्या, तापलेल्या हवेत लाल कोळीही झपाट्याने वाढतो, आणि एरवी त्याला धुऊन काढणाऱ्या सरी त्या वेळी नसतात.

मोहोराच्या दिवसांतील मळभ हा आपल्याकडचा नेहमीचा धसका. मात्र भुरी आणि करपा या दोन बुरशीजन्य रोगांना लागणारी हवा वेगळी असते, हे लक्षात घेतले जात नाही. भुरीला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही. थंड रात्री, दमट सकाळ आणि कोरडा दिवस तिला पुरतो. करप्याचे बीजाणू मात्र पावसाच्या शिंतोड्यांनी उडतात आणि रुजायला ओला पृष्ठभाग मागतात. नोव्हेंबरात पाऊस लांबला की आंब्याला मोहोराऐवजी पालवी येते, मोहोर टप्प्याटप्प्याने फुटतो आणि रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना कोवळे खाद्य कितीतरी अधिक दिवस मिळत राहते. खानापूर, जांबोटीकडच्या काजूवरील ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीचेही तसेच आहे: कोवळी पालवी जितके दिवस, तितके दिवस त्याची चंगळ.

कडुनिंबाबद्दल थोडेसे. २०२१ मध्ये तेलंगणात कडुनिंब शेंड्याकडून वाळल्याने मोठी घबराट झाली होती. फोमॉप्सिस ही बुरशी पावसाळी ओलाव्यात कोवळ्या डहाळ्यांत शिरते. पण पुष्कळ झाडे पुढच्या पालवीला सावरतात. वाळलेला निंब पाहून लगेच कुऱ्हाड उचलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता हिरवळ. पावसाळ्यात उबदार, दमट रात्री आणि संध्याकाळी दिलेले जास्तीचे पाणी एकत्र आले की गवत रात्रभर ओले राहते आणि बुरशीचे गोल डाग पडतात. पाणी सकाळी द्यावे, नत्राचा हात आखडता घ्यावा, एवढ्याने बरेच भागते. परंतु सप्टेंबरात पडलेले ठिगळ ओढून पाहिल्यावर गवत चटईसारखे गुंडाळून हातात आले, तर दुखणे बुरशीचे नव्हे. खालची माती चार बोटे उकरा; पांढरट, तपकिरी डोक्याची, अर्धवर्तुळात वळलेली अळी दिसेल. ती हुमणी. आपल्या ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याला तिची ओळख करून द्यायला नको.

हुमणीचे सगळे वेळापत्रक वळवावर चालते. तिचे भुंगेरे, म्हणजे अळीचे पुढचे पंखवाले रूप, जमिनीत दडून पावसाची वाट पाहतात. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की ते तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुनिंब आणि बाभळीवर जमून रात्रभर पाने खातात आणि पहाटेपूर्वी मातीत परततात. मादी तिथे अंडी घालते. अळ्या आधी कुजलेले सेंद्रिय द्रव्य आणि मग मुळे खातात, आणि ऑगस्टपासून मोठ्या झालेल्या अळ्या सर्वाधिक नासधूस करतात. वळीव एकदाच दणकून पडला तर भुंगेरे एकदम निघतात. तो तुटक पडला तर ते थोडे थोडे निघतात, आणि मग एकाच वाफ्यात लहान-मोठ्या अळ्या सापडतात. अशा वर्षी एका आळवणीने, म्हणजे मुळाशी एकदाच औषध ओतून, काम होत नाही. मेटारायझियम ही हुमणीला मारणारी मित्रबुरशी वापरायची असेल तर मातीत ओल हवी. ओढ दिलेल्या जमिनीत ती टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

म्हणून रोहिणी की मृग हे न पाहता, आपल्या गावात वळीव कधी पडला ते पाहावे आणि त्यानंतरच्या लागोपाठच्या संध्याकाळी निंबाखाली कापड अंथरून फांद्या हलवाव्यात. पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. भुंगेरे उडत येतात, त्यामुळे एकट्याच्या आवारात हे करून भागत नाही. गल्लीतल्या, शिवारातल्या सगळ्या निंबांखाली त्याच आठवड्यात कापड पडले पाहिजे.