भेदभाव सिद्ध करायचा तर कागद हवा

श्रोतेहो, नमस्कार.

‘तुम्ही दिव्यांग आहात म्हणून बढती देत नाही,’ असं कुणी लिहून देत नाही. मग नोकरीतला भेदभाव दाखवायचा कसा?

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं एक मोठी वाट मोकळी केली आहे. कामासाठी लागणारी वाजवी सोय नाकारणं हाच या कायद्यानं भेदभाव आहे. साहेबांच्या मनात काय होतं, हे शोधत बसावं लागत नाही. सोय मागितली आणि मिळाली नाही, एवढं दाखवायचं. पण गाडी अडते ती इथेच. मागणी तोंडी केलेली असते, आणि वर्षभरानं उत्तर येतं, ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही!’

म्हणून अर्ज लेखीच द्या. ‘सहकार्य मिळावे’ असं मोघम नको. ‘स्कॅन केलेली पीडीएफ माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वाचू शकत नाही, तोच मजकूर वर्ड फाईलमध्ये मिळावा,’ इतकं नेमकं लिहा. खर्च पडणार असेल तर किती, तेही लिहा. कारण ‘झेपत नाही’ हीच सबब पुढे येते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर नोंदणीसह स्पीड पोस्टानं पाठवा.

बढती-बदलीचं प्रकरण जास्त अवघड. तिथे तुलना लागते: सेवाज्येष्ठता यादी, निवडीचे निकष, आपले गोपनीय अहवाल. सरकारी कार्यालयात यासाठी माहिती अधिकारात अर्ज करता येतो. समजा, अपघातात अपंगत्व येण्याआधी ‘उत्कृष्ट’ आणि काम तेच असताना नंतर ‘साधारण’ असा शेरा असेल, तर त्या तारखा शेजारी शेजारी मांडा. दिव्यांगत्व हे एकमेव कारण होतं, असं सिद्ध करावं लागत नाही. अनेक कारणांपैकी ते एक असलं तरी संरक्षण मिळतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात म्हटलं आहे.

सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकाऱ्यानं दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. कागद मागवण्याचा अधिकार त्यांना आहे. तेव्हा कार्यालयाच्या ताब्यातले कोणते कागद हवेत, त्याची यादी तक्रारीतच द्या.

आणि कृपा करून, वैतागून राजीनामा देऊ नका. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं तर तुम्हाला काढता येत नाही. त्याच वेतनावर दुसरं पद द्यावं लागतं. राजीनाम्यावर सही केलीत, तर हा हक्क मिळवणं फार कठीण होऊन बसतं.