मर्जच्या आधीची जांभळी ओळ

(दृश्य: काळं टर्मिनल. ओळी भराभर वर सरकतायत. एका ओळीत एक जांभळा शब्द.)

लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, बिल्ड चालू आहे: सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनतोय. प्रत्येक फाइलमागे एक ओळ, सुरुवातीला दोन अक्षरं: सीसी, म्हणजे सी कंपायलर. अशा हजारो ओळी निघून जातात. मधेच जांभळ्या रंगात 'वॉर्निंग', म्हणजे कंपायलरचा इशारा, उमटतं आणि बिल्ड न थांबता पुढे जातो. कर्नल तयार होतो, बूटही होतो. मग त्या ओळीकडे कोण बघतंय?

2021 मध्ये, 5.15 आवृत्तीच्या वेळी, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी यावर जालीम उपाय केला: वॉर्निंग आली की ती एरर धरायची, बिल्ड तिथेच बंद. वेगवेगळ्या आर्किटेक्चरचे (प्रोसेसरच्या प्रकारांचे) बिल्ड पटापट पडायला लागले, आणि सक्ती लगेच सैल करावी लागली. वॉर्निंगला एरर मानणारा 'कॉन्फिग_वेरर' हा पर्याय मात्र राहिला. रोजच्या कामात तो चालू असलेलाच बरा, कारण मेक, म्हणजे बिल्ड चालवणारं साधन, एकदा कंपाइल झालेल्या फाइलला पुन्हा हात लावत नाही. दुसऱ्यांदा मेक चालवलं की वॉर्निंग दिसत नाही आणि ती गेली असा समज होतो. एरर असेल तर कंपाइल होऊन निघणारी ऑब्जेक्ट फाइलच बनत नाही. तक्रार दर वेळी समोर येते.

पॅच, म्हणजे कोडमधला आपला बदल, पाठवण्याआधीची तपासणी याहून कडक असते. मेकला 'डब्ल्यू=1' दिलं की एरवी गप्प असणाऱ्या वॉर्निंगही बोलू लागतात. इथे वेरर बंद ठेवायचा, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या जुन्या वॉर्निंगवर बिल्ड अडकून बसतो. दोन वेगळ्या आउटपुट डिरेक्टरी घ्यायच्या: एकीत पॅचशिवाय बिल्ड, दुसरीत पॅचसह. दोन्ही लॉगमधून वॉर्निंगच्या ओळी काढून त्या सॉर्ट करायच्या, कारण समांतर बिल्डमध्ये ओळींचा क्रम दर वेळी बदलतो. मग डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक पाहायचा. आपण वर चार ओळी घातल्या असतील तर खालच्या जुन्या वॉर्निंगचे ओळ-क्रमांक सरकलेले दिसतील; त्यांना नवीन समजून घाबरायचं कारण नाही.

(दृश्य: एका ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन, म्हणजे हार्डवेअर सापडल्यावर ते सुरू करणारा कोड. कर्सर 'रेट' या व्हेरिएबलवर.)

आता ही एक वॉर्निंग जवळून पाहू. कंपायलर म्हणतोय: 'रेट'मध्ये किंमत भरली, पण ती वापरली नाही. वरच्या ओळीत क्लॉक (हार्डवेअरला चालवणारा ठोका) चालू करणारं फंक्शन बोलावलंय आणि ते जमलं की नाही हे त्याचं उत्तर 'रेट'मध्ये (रिटर्नचं लघुरूप) ठेवलंय. पुढे ते कुणीच पाहत नाही. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे 'रेट' खोडून टाकणं. वॉर्निंग जाते, पॅच दोन ओळींचा होतो, आणि ड्रायव्हरमधली खरी चूक आता कुणालाच दिसत नाही. क्लॉक चालू झालंच नाही तर? पुढची ओळ हार्डवेअरचं रजिस्टर वाचते. क्लॉक बंद असताना असं वाचलं तर अनेक चिपवर बस (चिपमधला डेटाचा मार्ग) अडकते, मशीन जागच्या जागी गोठतं.

म्हणून 'रेट' तपासायचं आणि चूक आली तर बाहेर पडायचं. बाहेर पडतानाही घाई नको. आधी चालू केलेला रेग्युलेटर (वीजपुरवठा) बंद करायचा, पण क्लॉक बंद करायचं नाही, कारण ते चालूच झालेलं नाही. बाहेर पडण्यासाठी उडी मारायच्या गोटूचं लेबल एका पायरीने चुकलं की क्लॉकचा हिशोब बिघडतो आणि कर्नल आता रनटाइमला, म्हणजे चालू असताना, तक्रार करतो.

'ही व्हेरिएबल कदाचित न भरताच वापरली जाईल' ही वॉर्निंग आली की हात आपोआप 'बरोबर शून्य' (= 0) टाइप करतो. कर्नलमध्ये शून्याचा अर्थ यश. स्विचमधली (अनेक शक्यतांतून एक निवडणाऱ्या कोडमधली) एक वाट राहून गेली असेल तर फंक्शन आता काहीही न करता यश कळवणार. असली वॉर्निंग दाबण्यासाठी पूर्वी कर्नलमध्ये 'अनइनिशियलाइज्ड_व्हार' नावाचा मॅक्रोच (कोडचा लघुरूप तुकडा) होता. जीसीसी या कंपायलरसाठी तो व्हेरिएबलला स्वतःचीच किंमत द्यायचा. त्याआड खरे बग लपत होते, म्हणून 2020 मध्ये, 5.9 आवृत्तीत, तो काढून टाकला. जीसीसीची ही वॉर्निंग पुष्कळदा खोटीही असते, हे मान्य; त्याच वर्षी ती साध्या बिल्डमधून बंद केली गेली. तरीही आधी प्रत्येक वाट बोटाने चालून पाहायची, मग खोटी म्हणायची.

फॉरमॅटच्या, म्हणजे किंमत छापायच्या खुणा चुकल्याच्या, वॉर्निंग सरळ असतात, फक्त त्या आपल्या मशीनवर दिसत नाहीत. 'साइझ_टी' (आकार मोजणारा डेटा-प्रकार) छापायला '%एलयू' वापरलं तर 64 बिटवर शांतता, 32 बिट एआरएमवर तक्रार. कास्ट (प्रकार जबरदस्तीने बदलणं) नको, '%झेडयू' हवं. डीएमए पत्त्याची (हार्डवेअर थेट मेमरी वापरतं तेव्हाच्या पत्त्याची) रुंदी कॉन्फिगवर ठरते. त्याला '%पीएडी' आणि व्हेरिएबलचा पत्ता द्यायचा. म्हणून निदान एक 32 बिट क्रॉस बिल्ड (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठीचा) आणि 'एलएलव्हीएम=1' देऊन क्लँग या दुसऱ्या कंपायलरचा एक बिल्ड हवाच. पॉवर मॅनेजमेंट बंद असलेल्या कॉन्फिगमध्ये सस्पेंड आणि रिझ्यूम ही फंक्शनं बेवारस ठरतात. त्यांना इफडेफमध्ये (ठरावीक कॉन्फिगमध्येच कोड घेणाऱ्या अटीत) कोंडण्यापेक्षा 'पीएम_स्लीप_पीटीआर' हा मॅक्रो बरा: कोड प्रत्येक कॉन्फिगमध्ये कंपाइल होतो, नको तिथे कंपायलर स्वतःच गाळतो.

(दृश्य: पाच पॅचची मालिका. दुसऱ्या पॅचवर लाल खूण.)

दुसऱ्या पॅचने आणलेली वॉर्निंग पाचव्याने मिटवलेली चालत नाही. उद्या कुणी बायसेक्ट (बग कुठल्या बदलाने आला ते शोधणं) करताना नेमका मधल्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) थांबला आणि त्याच्याकडे वेरर चालू असला, तर त्याचा बिल्ड पडतो. दुरुस्ती दुसऱ्या पॅचमध्येच मिसळायची. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या रीबेस आज्ञेला 'एक्झेक' देऊन मेक जोडलं की प्रत्येक कमिट आपसूक बांधून पाहिला जातो.

एवढं करूनही इंटेलचा कर्नल टेस्ट रोबो एखादी विचित्र कॉन्फिग काढून तक्रारीची ईमेल पाठवू शकतो. पॅच अजून मर्ज झाला (मुख्य कोडमध्ये घेतला गेला) नसेल तर नव्या आवृत्तीत दुरुस्ती करायची. तिथे 'रिपोर्टेड-बाय' या (तक्रार कुणी केली ते सांगणाऱ्या) ओळीत रोबोचं नाव घालायचं नसतं, नाहीतर मूळ बदलच रोबोने सुचवला असं वाचणाऱ्याला वाटतं. पॅच मर्ज झालेला असेल तर वेगळा कमिट करायचा. त्यात रोबोचं नाव, वॉर्निंगची ओळ जशीच्या तशी, आणि 'फिक्सेस'पुढे चुकलेल्या कमिटच्या हॅशची पहिली 12 अक्षरं व त्याचं शीर्षक.