पासष्टीनंतरचा डाव
(आपल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. तिळगूळ झाला, हळदीकुंकू अजून चालू आहे, आणि मधली दहा मिनिटं माझ्या वाट्याला आली आहेत. विषय मीच मागून घेतला. पिट्सबर्गला राहून आपण इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे, स्टीलर्सचे, पिवळे टॉवेल फिरवतो, मुलं जर्सी घालून शाळेत जातात. पण त्या संघाचा बचाव ज्यांच्या डोक्यातून उभा राहिला, त्या प्रशिक्षक डिक लेबोंबद्दल इथे कुणी बोललेलं मला आठवत नाही.

मी इथे आलो १९९५ साली. खेळ काही कळायचा नाही, नुसती ढकलाढकली वाटायची. शेजारचे आजोबा पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच रविवारी मला बजावलं, चेंडूकडे बघू नकोस, बचावाच्या अकरा जणांकडे बघ. लेबो त्याच वर्षी स्टीलर्सचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाले होते, म्हणजे बचावाची सगळी आखणी त्यांच्याकडे आली होती.

त्यांची ओळख ज्या डावामुळे आहे तो झोन ब्लिट्झ. तुमच्यातले जे शाळेत कबड्डी खेळले असतील त्यांना तो लगेच कळेल. चढाईपटूला वाटतं कोपऱ्यातला गडी अंगावर येणार. तो मागे सरतो, आणि पकड होते भलत्याच बाजूने. फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूवर, चार-पाच जण धावून जातात. जास्त माणसं पाठवली की मागचं मैदान मोकळं पडतं, आणि हुशार क्वार्टरबॅक नेमका तिथे पटकन चेंडू फेकतो. ऐंशीच्या दशकात असे छोटे, झटपट पास फेकणारे संघ बचावाला हैराण करत होते. लेबो तेव्हा सिनसिनाटीच्या संघाचा बचाव सांभाळत होते. धोका न पत्करता दबाव कसा आणायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. मायामीचे प्रशिक्षक बिल आर्न्सपार्गर यांनी आधी केलेलं काम त्यांच्यासमोर होतं. त्यावर त्यांनी आपली इमारत रचली. हल्ला करायचा तो अनपेक्षित बाजूने, मधल्या फळीतल्या एखाद्या लाइनबॅकरने किंवा मागच्या फळीतल्या खेळाडूने. आणि ज्याने धावून जावं अशी सगळ्यांची खात्री, तो अगदी पुढच्या ओळीतला सव्वाशे किलोचा लाइनमन गुपचूप मागे सरकायचा. क्वार्टरबॅक घाईत चेंडू फेकणार त्या मोकळ्या जागेत, आणि तिथे हा धिप्पाड गडी उभा! आज जवळजवळ प्रत्येक संघाच्या वहीत हा डाव आहे.

हे त्यांना सुचलं कारण ते स्वतः मागच्या फळीत झिजले होते. १९३७ चा जन्म, ओहायोतल्या लंडन नावाच्या गावचा. १९५९ साली क्लीव्हलंडच्या संघाने निवडलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आत सोडून दिलं. डेट्रॉइटने घेतलं. तिथे १४ हंगाम आणि ६२ इंटरसेप्शन्स, म्हणजे ६२ वेळा समोरच्याचा पास मधल्यामधे पकडला. क्वार्टरबॅकच्या डोळ्यांत काय चाललंय ते वाचायची सवय तिथली.

मला सांगायचं आहे ते मात्र पुढचं. जानेवारी १९८९ ची सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. सिनसिनाटी १६-१३ ने पुढे. लेबोंच्या बचावाने तोवर सॅन फ्रान्सिस्कोला १३ गुणांवर रोखलेलं. शेवटची तीन मिनिटं उरली असताना त्यांचा क्वार्टरबॅक जो मॉन्टाना संघाला घेऊन ९२ यार्ड चालून आला आणि ३४ सेकंद शिल्लक असताना टचडाउन झाला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार गेला. सिनसिनाटी हरली. पुढे २००० साली ते सिनसिनाटीचे हेड कोच झाले. १२ विजय, ३३ पराभव. २००२ चा हंगाम संपल्यावर त्यांना काढलं. वय ६५.

आपल्या घरांत मुलाची नोकरी लागली की पहिला प्रश्न असतो, साहेब कधी होणार? साहेब होऊन उतरलेल्या माणसाला आपण हळहळून बघतो. लेबो एक वर्ष बफेलोला दुसऱ्याच्या हाताखाली राबले आणि २००४ ला आपल्या पिट्सबर्गला परतले, जुन्याच कामावर. २००५ च्या हंगामाची सुपर बोल जिंकली. २००७ मध्ये माइक टॉमलिन हेड कोच झाले तेव्हा ते ३४ वर्षांचे, लेबो ६९. टॉमलिन वेगळ्या पद्धतीच्या बचावात वाढलेले. तरी त्यांनी लेबोंना ठेवलं, त्यांची पद्धतही ठेवली. या दोघांच्या मनाचा मोठेपणा मला कुठल्याही चषकाएवढाच वाटतो. दुसऱ्या वर्षी, २००८ च्या हंगामात, आख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी गुण देणारा बचाव स्टीलर्सचा होता.

आणि मग टँपाची सुपर बोल, १ फेब्रुवारी २००९. मध्यंतराला १८ सेकंद उरलेले, समोरचा ॲरिझोनाचा संघ आपल्या गोलरेषेपासून एका यार्डावर. आपला लाइनबॅकर जेम्स हॅरिसनने धावून जायचं होतं. तो धावल्यासारखं करून थांबला, मागे सरला, ॲरिझोनाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरचा पास पकडला आणि १०० यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. तो निर्णय हॅरिसनचा स्वतःचा. ज्याला लीगमधल्या एकाही संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं नव्हतं, त्या पोराच्या अंगात लेबोंची शिकवण इतकी मुरली होती की सांगितलेलं मोडून त्याने शिकवलेलं केलं. आमच्या दिवाणखान्यात शेजारचे आजोबा उठून उभे राहिले आणि रडले. मीही रडलो.

लेबोंचं खेळाडूंशी नातंच तसं होतं. दर नाताळला ते सगळ्या संघाला बसवून नाताळची जुनी कविता तोंडपाठ म्हणून दाखवायचे, आणि ती दांडगी माणसं लहान मुलांसारखी ऐकायची. २०१० मध्ये कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्यांचा समावेश झाला, तोही खेळाडू म्हणून, तेव्हा सराव शिबिर सोडून सगळा संघ तिथे हजर होता. पिट्सबर्गनंतरही ते टेनेसीच्या संघाकडे गेले. शेवटचा हंगाम २०१७ चा, वयाच्या ८० व्या वर्षी.

संध्याकाळी सामना आहे. मागच्या खोलीत टीव्ही लावलाय. ज्यांना खेळ कळत नाही त्यांनी माझ्याशेजारी येऊन बसा. चेंडूकडे बघायचं नाही, एवढीच अट.