जकातीत आठवण द्या आणि मग घाट चढा

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी दहा मिनिटं दिलीत आणि मागे वड्यांचा घाणा सुरू झालाय, त्यामुळे आठव्या मिनिटानंतर माझ्याकडे कोणाचं लक्ष नसणार हे मी धरूनच चाललेय. विषय मीच मागून घेतला, फँटसी. म्हणजे जादू, राक्षस, उडते घोडे, बोलणारी झाडं, जे सगळं दहावीच्या आत वाचून संपवायचं असतं असा आपल्याकडे समज आहे ते. मी चाळिशी ओलांडली तरी अजून तेच वाचते, आणि आता तेच लिहितेय, मराठीत, आणि कादंबरी पुरी करायचीच असं ठरवलंय. चारचौघांत सांगितलं की माघार घेता येत नाही म्हणून आज माइक हातात घेतला.

वेड लावलं चांदोबाने. त्यात विक्रम-वेताळ ठरलेला, खांद्यावर प्रेत आणि उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं होऊन तुझ्याच पायाशी लोळू लागतील ही धमकी. पुढे लायब्ररीतले नारायण धारप, म्हणजे रात्री वाचायचं आणि मग पाणी प्यायला स्वयंपाकघरापर्यंत जायची छाती नाही. कॉलेजात टोल्किन हातात पडला आणि मग काय, सुटलंच.

पण मला खरा धक्का नंतर बसला. वेताळाच्या गोष्टी कथासरित्सागरात आहेत, तो अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिला, आणि सोमदेव स्वतःच सांगतो की मूळ माल माझा नाही, गुणाढ्याच्या बृहत्कथेचा आहे. आणि हा गुणाढ्य कुठला, तर आपल्या पैठणचा, सातवाहन राजाचा मंत्री! दंतकथा अशी की राजाला संस्कृत किती दिवसांत शिकवायचं यावरून दरबारात पैज लागली, गुणाढ्य ती हरला आणि त्यापायी त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या. उरली पैशाची, पिशाचांची भाषा. रानात जाऊन सात वर्षं त्या भाषेत लिहीत बसला, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोक. राजाकडे पाठवलं तर राजाने नाक मुरडलं, ही कसली भाषा आणि हे कसलं लिखाण. मग हा टेकडीवर आगटी पेटवून बसला, एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. ऐकायला कोण, तर हरणं, रानडुकरं, पाखरं. चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसलेली. इकडे राजाच्या पानात सुकं मांस यायला लागलं, राजा आजारी पडला, आचाऱ्याने पारध्यावर ढकललं, पारधी म्हणाला मी काय करू, जनावरं खातच नाहीत, एक बामण त्यांना गोष्ट सांगतोय. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख वाचले.

मला यातलं रक्तबिक्त राहू दे, तो आचारी फार आवडतो. नावडलेल्या पुस्तकाचा परिणाम थेट राजाच्या ताटात दाखवायचा, हे ज्याला सुचलं त्याला माझा दंडवत.

तर सांगायचं म्हणजे, अद्भुत हे आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही. मराठी कादंबरी अगदी नवी होती तेव्हाही ते होतंच, रिसबूडांची मंजुघोषा १८६८ ची, राजकन्या, विमान, सगळा थाट. नंतर हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी माजघरात आणून बसवली, फार मोठं काम केलं, पण आपण मग तिला तिथून उठूच दिली नाही. भूत चालतं, विज्ञानकथा चालते कारण नारळीकरांसारख्या माणसाने लिहिली, पण मोठ्या माणसाने ड्रॅगन लिहिला की लोक विचारतात, मुलांसाठी का?

आणि वेळ नाही हे कारण मी स्वतः इतकी वर्षं वापरलंय की त्याची झळाळी गेली. इथून ट्रेनने अर्ध्या तासावर ऑक्सफर्ड. टोल्किन तिथे शिकवायचा, जादा पैशांसाठी शाळेच्या परीक्षांचे पेपर तपासायचा, आणि हॉबिटचं पहिलं वाक्य त्याने एका मुलाने कोरं सोडलेल्या पानावर लिहिलं. पुढचं मोठं पुस्तक, लॉर्ड ऑफ द रिंग्ज, १९३७ च्या डिसेंबरात सुरू केलं, छापून आलं १९५४-५५ मध्ये, टायपिस्ट परवडत नाही म्हणून टाइपही स्वतःच केलं. विनोदी फँटसी लिहिणारा टेरी प्रॅचेट वीज बोर्डात प्रेस ऑफिसर होता, सुरुवातीच्या वर्षांत नोकरी सांभाळून रोज रात्री ४०० शब्द. चारशे म्हणजे आपल्या मंडळाच्या ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीवरून एका संध्याकाळी आपण प्रत्येकी सहज टाइप करतो, हो की नाही?

माझी कादंबरी नाणेघाटातून सुरू होते. ज्यांनी पाहिलाय त्यांना तो वरचा दगडी रांजण आठवत असेल, सातवाहनांच्या काळात कोकणातून जुन्नरकडे येणारा व्यापारी त्यात जकात टाकायचा असं सांगतात. माझ्या गोष्टीत रांजणाशी एक यक्षीण बसते आणि तिला नाणी नको असतात, एक आठवण द्यायची, ती कायमची गेली, मग घाट चढा. नायिका पहिल्याच फेरीत आईचा आवाज देऊन बसते, कारण तिला वाटतं चेहरा तर राहील.

हे प्रकरण मी ठाण्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. त्या आयुष्यभर बँकेत कॅशला होत्या. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, पण काय दिलं हेच तिला आठवणार नाही, तर पावती कोण ठेवतं? उद्या यक्षिणीने दोनदा घेतली तर?" मी दोन दिवस डोकं धरून बसले. आता पुस्तकात एक कारकून आलाय, घाटाच्या तोंडाशी ताडपत्रावर नोंदी ठेवणारा, सगळ्यांच्या गेलेल्या आठवणी माहीत असलेला एकमेव माणूस, आणि खरं सांगू का, तोच नायक होणार असं दिसतंय.

जादूला हिशेब लागतोच. काहीही होऊ शकतं म्हटलं की वाचणाऱ्याला कशाचीच काळजी वाटत नाही, ही गोष्ट मला कुठल्या कोर्सने नाही, कॅशियर बाईने शिकवली.

आता कामाचं. रविवारी मुलं मराठी शाळेत असतात तेव्हा आपण पालक पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन बघतो. बाजूची छोटी खोली मी सेक्रेटरींकडून मागून घेतलीय. ज्यांना लिहायचंय त्यांनी वही किंवा लॅपटॉप घेऊन यायचं, शाळा सुटेपर्यंत लिहायचं, वाचून दाखवायची सक्ती नाही, फँटसीच पाहिजे असंही नाही. चहा मी आणेन, बिस्किटं ज्याची त्याने. येणाऱ्यांनी आत्ता हात वर करा म्हणजे खुर्च्या किती लागतील ते कळेल… काका, तुम्ही पण? या या, नक्की या.